बाबांचा डावा कान

नवीन पनवेल
१२ नोव्हेंबर २०२४

सौ. सुनीताताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तिसऱ्या वाक्याला आपलं वाजतं आणि कोणीतरी फोन ठेवतं, म्हणून तू म्हणालीस तसं पत्रच लिहितोय. पत्रात निदान मधे बोलता येत नाही.

दुकानात नवीन यंत्र आलंय. म्हणजे कोणाचं तरी वापरलेलंच, पण मला नवीन. फिल्म स्कॅनर. हा कागद बघत नाही, फक्त निगेटिव्ह आणि स्लाइड वाचतो. एकेका चौकटीला चार-चार मिनिटं घरघरतो, पण साडीच्या काठाचा धागान् धागा दाखवतो. गव्हाणपासून लोक लग्नाच्या निगेटिव्हचे डबे घेऊन येतायत.

काल आईच्या पेटीतली ती स्लाइड काढली. बंदराच्या कामावरच्या साहेबानं काढलेला बाबांचा एकुलता एक फोटो. पुठ्ठ्याची चौकट कुजली होती, फिल्मला दोन्ही बाजूंनी बुरशी. चकचकीत बाजू कुठली आणि मंद कुठली, काही कळेना. सोडवली, पुसली, नव्या प्लास्टिकच्या चौकटीत बसवली. ताई, अठ्ठावीस वर्षांनी बाबा पडद्यावर आले. मागे वाळत घातलेली जाळी, हात पाठीमागे, हसू दाबलेलं. ते घर सोडून गेले तेव्हा मी आठ वर्षांचा. मला त्यांचा चेहरा आठवतच नव्हता, हे काल कळलं.

एवढी घाई का केली ते सांगतो. आपल्या मामाच्या प्रितमनं कोळीवाड्याच्या ग्रुपवरचा एक मेसेज आणून दाखवला. वेरावळकडच्या एका आश्रमात एक म्हातारा आहे. चार वर्षांपूर्वी जेट्टीवर सापडला. अर्धांग झालेलं, वाचा गेलेली, पण टीव्हीवर मराठी लागलं की मान वळवतो. खूण एकच, डाव्या कानाची पाळी तुटलेली. बाबांची पाळी गळ अडकून तुटली होती, तुला माहीतच आहे. आश्रमानं फोटोही पाठवलाय, पण नुसती दाढी आणि बसलेले गाल, त्यात मी काय ओळखणार? आईला मोतीबिंदूमुळे फोनवर काही दिसलं नाही. डावा कान एवढं ऐकलं आणि म्हणाली, त्योच हाय, त्याचा डावाच कान.

पण असं तिनं आधीही दोनदा म्हटलंय. मोऱ्याच्या धक्क्यावरच्या एका परक्या माणसाला तिनं आठ दिवस जेवू घातलं, आणि सुरतेला मी स्वतः धावलो तो भलताच निघाला. म्हणून या वेळी तिच्या आठवणीवर न जाता स्कॅन मोठा करून पाहिला. पाळी तुटलीय ती उजव्या कानाची. अगदी स्वच्छ दिसतंय. हा म्हातारा आपला नाही.

तुझं उत्तर आलं की आश्रमाला कळवतो. तुला कानाचं काय आठवतं?

भांडकुदळ भावावरचा लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझा,
भावेश


चिरनेर
१९ नोव्हेंबर २०२४

चि. भावेश,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीच्या पायांसारखंच आहे, दोनदा वाचावं लागलं.

मला विचारशील तर डावा कान वाटतो. लहानपणी बाबांच्या सायकलच्या दांडीवर बसायचे, मान वर केली की तो तुटका कान दिसायचा. पण मी पाय कुठल्या अंगाला सोडून बसायचे, तेच आता सांगता येत नाही. तुझ्या यंत्राला धागान् धागा दिसतो म्हणतोस, तर त्याच्यापुढे माझी आठवण ती काय. तुझी खात्री असेल तर कळवून टाक.

एकदा वाटतं, आईला नेऊन आणावं. मग तिचे गुडघे आठवतात. तिसऱ्यांदा तिचं तोंड उतरलेलं बघायचं माझ्यानं होणार नाही. मागच्या महिन्यात जावेच्या मुलीच्या लग्नात बायका ओटी भरत होत्या. आईपाशी आल्या आणि थांबल्या, एकमेकींकडे बघत राहिल्या. कपाळाला कुंकू आहे, पण नवऱ्याचा पत्ता नाही, मग भरावी की नाही? शेवटी तीच उठून बाहेर गेली. अठ्ठावीस वर्षं हे चाललंय, भावेश. काय ते एकदाचं ठरू दे, असं मलासुद्धा वाटतं.

बाबांचा फोटो मोठा करून पाठव. शिलाई मशीनसमोरच्या भिंतीवर लावते. हार मात्र घालणार नाही.

आईची काळजी घे, तिच्यावर आवाज चढवू नकोस. पोरांना पापा.

तुझी,
ताई


नवीन पनवेल
२६ नोव्हेंबर २०२४

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

फोटो सोबत आहे, वाकवू नकोस. डाग सगळे काढलेत.

काल आश्रमात फोन केला. तिथले कृष्णकांतभाई बघतात सगळं. आमचा माणूस नाही म्हटल्यावर ते नुसतं बरं म्हणाले. आई कालपासून भिंतीकडे तोंड करून बसलीय. माझं लेकरू मशीनचं आयकतं, माझं नाय, असं सूनबाईला म्हणाली.

एक खरं सांगू? पडद्यावर उजवा कान दिसला तेव्हा मला बरं वाटलं. आईशी भांडून, चपलासुद्धा न घालता गेलेला माणूस. शाळेतून आल्यावर मी किती दिवस उंबऱ्यात बसायचो, हे तुझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. आता त्याला घरी आणून त्याचं हगणं-मुतणं काढायला मी तयार नव्हतो. वाचून झाल्यावर हे पत्र फाडून टाक.

वाईट वाटलं तरी माया कमी करू नकोस.

भावेश


चिरनेर
३ डिसेंबर २०२४

चि. भावेश,
अ. उ. आ.

सकाळी फोनवर मी ओरडले आणि तू पुरतं न ऐकता ठेवलास. म्हणून हे प्रितमच्या हाती देतेय. वाचून होईपर्यंत त्याला समोर उभा ठेव.

फोटो परवा आला, मशीनसमोर लावला. आज एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला खिसा लावत होते. छातीच्या डाव्या अंगाला, जसा सगळ्यांचा असतो. खुणा करून मान वर केली, तर बाबांचा खिसा उजव्या अंगाला. बटणपट्टी बघितली, तीही बायकांच्या कपड्यासारखी उलटी. भावेश, तो शर्ट आईनं शिवलाय. त्याची काजं मी केलीत. आईनं जन्मात कधी उजवीकडे खिसा लावला नाही.

तू फिल्म उलटी बसवलीस. खिसा उलटा, म्हणजे कानही उलटा. पाळी डाव्याच कानाची तुटली होती. आई पहिल्यापासून तेच सांगत होती.

कळवून टाक असं मीच लिहिलं होतं, तेव्हा दोष एकट्या तुझा नाही. पण आता रडत बसू नकोस आणि माझ्याशी भांडूही नकोस. आजच्या आज निघ.

ताई


नवीन पनवेल
१० डिसेंबर २०२४

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

निघायच्या आधी फिल्म पालटून पुन्हा स्कॅन केली. पाच मिनिटांचं काम. खिसा डावीकडे आला, कानही डावीकडे आला. नवा फोटो आईच्या डोळ्यांजवळ धरला आणि वेरावळला निघतोय म्हटलं. ती मला एका शब्दानं बोलली असती तर बरं झालं असतं. ती उठून माझ्यासाठी भाकऱ्या बांधायला लागली.

ताई, बाबा ३० नोव्हेंबरला गेले.

प्रितमनं मेसेजला उत्तर दिलं तेव्हाच कृष्णकांतभाईंनी बाबांना सांगितलं होतं की घरचे सापडलेत बहुतेक. चार वर्षं दाढीला हात लावू न देणाऱ्या माणसानं दुसऱ्या दिवशी स्वतःहून गाल पुढे केला. मग रोज सकाळी फाटकाजवळच्या बाकावर नेऊन बसवायला लावायचे. मी फोन करून नाही म्हटलं, ते त्यांना सांगायला कोणाची जीभ उचलली नाही. पाच दिवस ते तसेच बसत राहिले. सहाव्या दिवशी बाकावरच मान टाकली. आश्रमानंच अग्नी दिला, राख समुद्रात सोडली. मी तो बाक बघून आलो. उंबऱ्यातल्या माझ्या पाच-सहा महिन्यांची फेड मी पाच दिवसांत केली.

एक पिशवी मिळाली. गोणीच्या सुतळीची, बाबांनी चालत्या एका हातानं आणि दातांनी विणलेली. घरी आल्यावर मी काही सांगायच्या आत आईनं ती माझ्या हातातून घेतली. जाळ्याच्या त्या गाठी बोटांनी चाचपल्या, आणि हसली. कितीतरी वर्षांनी हसली. तिला वाटतंय मी फक्त बघून आलोय.

परवा तेरावा येतो. त्याआधी तिला सांगायला हवं आणि मला ते एकट्यानं जमणार नाही. पत्र मिळताच ये. लोभ ठेव असं लिहायला आता मला तोंड नाही.

आज सकाळपासून तीन वेळा विचारून झालं तिचं. ट्रंकेतून शर्टाचं कापड काढून मांडीवर घेऊन बसलीय. म्हणते, आता पार वाळला असंल, जुनं माप चालायचं नाय. छाती किती भरंल ते सुनीताला कळव.

भावेश