तांब्याभर पाणी पिऊन

८ जानेवारी १९७९, सोमवार

‘सातपूरच्या बायांनो, घरून निघताना तुम्ही पाणी पीत नाही. मीही पीत नाही.’

भाषणाची सुरुवात अशी करायला हवी होती. सुचली परतताना, बसमध्ये. प्रत्यक्षात फ्रान्सच्या क्रांतीपासून सुरू केलं. कारखान्याची पाळी सुटल्यावरची गेटसभा, बाया उभ्या, हातात रिकामे डबे, आणि मी त्यांना पॅरिसला घेऊन गेले. टाळ्या पडल्या. मग मुद्दा: पॅकिंग खात्यात एवढ्या बाया, संडास एक, त्याला कुलूप, किल्ली सुपरवायझरच्या टेबलावर. पुरुषाकडे, सगळ्यांदेखत मागायची. म्हणून कुणी मागत नाही. मागावी लागू नये म्हणून कुणी पाणी पीत नाही.

‘संडास’ म्हटलं की पुढच्या बाया तोंडाला पदर लावत. मागचे पुरुष हसत.

सुमन पॅकिंगमधली, त्या खात्यात तोंड उघडणारी ती एकटीच. सभेनंतर म्हणाली, “ताई, झ्याक झालं. फक्त तो शब्द जरा कमी घ्या.”

“मग काय म्हणू?”

“काही नका म्हणू. समजतं.”

समजतं म्हणूनच कुलूप आहे.

११ जाने.

नणंदेचं, शकूचं पत्र, पणजीहून. पहिलटकरीण, दिवस फेब्रु.च्या मध्यावर भरतात. डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय, त्यामुळे बाळंतपणाला माहेरी येणं रद्द. ‘आईला पाठवा’, एकाच पानावर पुन्हा पुन्हा.

आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, वाचून दाखवलं. त्या तांदूळ निवडत होत्या, निवडत राहिल्या.

“माझं काय काम तिथं? तिची सासू हाय की.”

शकूची सासू मागच्या वर्षी वारली. मातीला आत्या स्वतः जाऊ शकल्या नाहीत म्हणून रडल्या होत्या.

दिनकरला सांगितलं. (नवऱ्याला नावानं हाक मारते. आत्या अजून कपाळाला हात लावतात.)

१२ जाने.

कारण घरात सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. दीक्षेच्या सोहळ्याला नागपूरला गेलो होतो तेव्हा आत्या नाशिकरोडला गाडीत बसल्या, त्या नागपूरलाच उठल्या. पाणी नाही, काही नाही. पोचल्यावर तापानं फणफणल्या. ज्यासाठी गेलो ते राहिलं, दवाखाना पाहिला. लघवी तुंबवून रोग वर मूत्रपिंडापर्यंत गेलेला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं केलंत तर माझ्या हातात काही नाही.

तेव्हा प्रश्न सरळ आहे. लेकीकडे जायचं नाही, किंवा जाऊन तेच दुखणं ओढवून घ्यायचं. तिसरं काही?

एसटीनं पणजी लांब. बस थांबते तिथं बाईमाणसाला आडोसा नसतो.

दिनकर सकाळी बूट घालता घालता: “मुंबईहून बोटीनं जा. चालत्या बोटीत संडास असतो. आमच्या खात्यातला कोकणी सांगत होता.”

आत्या आतून ऐकत होत्या. भांडं वाजलं नाही.

१४ जाने., रवि.

शेजारून तिळगूळ आला. आपण बौद्ध, आपला सण नाही, पण शेजारी आपले आहेत. घेतला.

आत्यांच्या चौकश्या सुरू. आडून.

“दार असतं का त्याला?”

असतं.

“कडी?”

असेल.

“बाप्ये नि बाया येकाच ठिकानी?”

वेगळं असतं.

मग भाकरी थापताना: “आन ते जातं कुठं?”

“समुद्रात.”

हात थांबला. “मग नको.”

बोट हलण्याची भीती असेल असं समजून मी बराच वेळ बोलले. माणसानं समुद्र कसा जिंकला वगैरे. भाकरी जळली.

“हालायचं भ्या कुनाला? भरल्या बैलगाडीत उभी ऱ्हाऊन आलेली बाई हाय मी.”

मग कशाचं? त्यांनी पुढचा गोळा थापायला घेतला.

१५ जाने.

कळलं. आज स्वतःहून बोलल्या, भांडी घासताना, माझ्याकडे न बघता.

सायखेड्याला गोदावरीवर आपल्या वस्तीची पाणी भरायची जागा गावाच्या खालच्या अंगाला. वर गावाचा घाट. तिथं म्हशी बसत, धुणी होत, पोरांची ढुंगणं धुतली जात, आणि ते सगळं वाहत खाली येई. तेच फडक्यानं गाळून हंड्यात. आत्यांच्या सासूची ताकीद होती: आपण पाण्यात घाण करायची नाय. आपल्याबी खाली कुनीतरी भरत असंल.

“पान्यात मी जन्मात थुकले नाय, बाय. आता म्हातारपनी हे करू?”

त्या घाटाविषयी मी भाषणं केली आहेत. माझ्या भाषणांत आपण नेहमी सगळ्यांच्या खाली असतो. ह्या बायांना आपल्या खाली आणखी कुणीतरी दिसत होतं.

भांडी विसळून दिली.

२० जाने.

शकूचं दुसरं पत्र. पाय सुजलेत. जावई तिला एकटीला सोडून कामावर जातो, त्यालाही इलाज नाही. आत्यांनी एकदा ऐकलं, पुन्हा वाचायला लावलं.

“तिकिटं काढा. मी खानार-पिनार नाय, म्हंजे झालं.”

“डॉक्टर काय म्हणाले होते?”

“डाक्टर काय बोटीत येनार हाय का?”

दिनकर त्या कोकण्याला डेकची, बोटीच्या उघड्या फळीवरची, तिकिटं काढायला सांगणार. मला शाळेतून रजा. हेडसरांनी विचारलं, “परिषद वगैरे आहे का?” हो म्हणाले असते तर लगेच मिळाली असती. बाळंतपण म्हटल्यावर जरा कुरकुर.

१ फेब्रु.

मुंबई, मामांकडे. आत्यांचं पाणी दुपारपासून बंद. मामींनी चहा दिला तर बशी तोंडाला लावून खाली ठेवली. मी तांब्या पुढे केला, समजावलं. वजनदार बोलले.

“तू पी की आधी.”

मीही प्याले नव्हते. प्रवासाच्या आधी पीतच नाही कधी. भाषणासाठी सुचलेलं ते वाक्य आत्ता लिहिताना आठवलं.

२ फेब्रु., बोटीवर

डेकवर सतरंजी टाकली आहे. सकाळी धक्का सोडला. भोवती बोचकी, ट्रंका, कोंबडीची पाटी. हात हलतो, अक्षर

३ फेब्रु., पणजी

कालचं लिहून ठेवते.

संडास मागच्या बाजूला, बायकांचा वेगळा. मी पाहणी करून आले. लोखंडी दार, उंबरा गुडघ्याएवढा. एक खुर्चीवजा भांडं आणि एक आपल्यासारखं, पाय ठेवायच्या पट्ट्यांचं. नळ आहे, पाणी खारं. भिंतीला धरायला दांडी. कडी मोडकी. परत येऊन आत्यांना मुद्देसूद सांगितलं.

“तू जाऊन आलीस?”

“बघून आले.”

“बघायला काय, देऊळ हाय का ते?”

शेजारच्या सतरंजीवरची बाई हसली. शेवंताबाई, देवगडला माहेरी निघालेली, पान लावत बसलेली.

दुपारपर्यंत आत्या एका कुशीवर. ओठ सुकलेले. कपाळाला हात लावला, ताप नव्हता. नागपूरलाही पहिल्या दिवशी नव्हता.

मग माझी चूक. जयगडला बोट थांबली, उतारू न्यायला पडाव, म्हणजे होड्या, आले, माणसं उतरू लागली. आत्या स्वतःहून उठून बसल्या. म्हणाल्या, “जाऊन येऊ का?” आणि मी म्हणाले, “आता नाही. उभी असताना जायचं नसतं. सुटू दे.”

नाशिकरोडची माणसं आम्ही. स्टेशनात गाडी उभी असताना संडासात जायचं नाही, हे लहानपणापासून पाठ. बोट सुटली, खाडीबाहेर आली आणि अशी डोलायला लागली की आत्यांना उभं राहता येईना. पुन्हा आडव्या झाल्या. तोंड फिरवून.

शेवंताबाईंनी हे सगळं बघितलं होतं. मला म्हणाल्या, “बोट थांबल्यार तू तिका बसवन कित्याक ठेवलंस?”

नियम सांगितला.

“ती आगगाडी गे. तिच्या खाली रूळ आसतत. हय खाली काय आसा? बंदरात बोट गप ऱ्हवता, तेव्हाच जावचा.”

रत्नागिरी येईपर्यंत थांबायचं ठरलं. मधला वेळ वाईट गेला. मला शकूला काय सांगायचं ते दिसू लागलं. बोलण्यावर माझं आयुष्य चाललंय, आणि बोलण्यासारखं एक वाक्य जवळ नव्हतं.

उन्हं उतरताना आत्यांनी शेवंताबाईंना विचारलं, “बाई, हितलं पानी कुनाकडं जातं?”

“खारा पाणी. कोण पितला ता?”

“तसं न्हवं. खालच्या अंगाला कोन हाय?”

शेवंताबाईंना प्रश्न कळला नाही. मला कळला. म्हणाले, “आत्या, समुद्राला खालचं अंग नसतं. नदीला वर-खाली असतं. इथं सगळे एका पातळीवर.”

हे मी भाषणात म्हणाले असते तर टाळ्या पडल्या असत्या. आत्यांना टाळ्या वाजवायच्या नव्हत्या, खात्री करायची होती. कठड्याला धरून उभ्या राहिल्या. पुढं बघितलं, मागं बघितलं. कोंबडीच्या पाटीतला पेंढा मुद्दाम खाली टाकला आणि तो कुठं जातो बघत बसल्या. तो आधी मागं गेला, मग बाजूला, मग लाटेनं पुन्हा जवळ आला.

“ह्याला गावच नाय,” म्हणाल्या.

रत्नागिरीला बोट थांबली. खरंच गप झाली. आत्या उठल्या, तांब्या घेतला. दाराशी जाऊन थबकल्या आणि तांब्या माझ्या हातात दिला.

“आधी तू.”

“मला नाही झाली.”

“कालपासून झाली नाय व्हय? मला येडी समजती का?”

गेले. कडी मोडकी, म्हणून आत्यांनी बाहेरून दार धरलं. रांगेतल्या बायांना सांगत होत्या, आत ऐकू येत होतं: “आमची सून हाय. मास्तरीन. सभेत बोलती, हज्जार मानसं आयकत्यात. आत्ता जरा येळ लागंल तिला.”

मग त्या. मी दार धरलं. वाट बघताना आवाज द्यावा की नाही कळेना. रांगेतून शेवंताबाई म्हणाल्या, गप ऱ्हव. गप राहिले.

आत्या बाहेर आल्या. पदर सारखा केला, सतरंजीपर्यंत चालत गेल्या, बसल्या.

“पानी दे,” म्हणाल्या.

पिण्याचा तांब्या संपवला. मग मालवणला एकट्या उठून गेल्या. मला उठवलंसुद्धा नाही, दार कुणाकडून तरी धरून घेतलं.

४ फेब्रु.

आत्यांना ताप नाही. शकूनं आईला पाहिल्यावर जे व्हायचं ते झालं. आत्यांनी घरात शिरल्यावर पहिल्यांदा विचारलं, संडास कुठं. शकू माझ्याकडे बघत राहिली. तिच्या आईच्या तोंडून तो शब्द तिनं पहिल्यांदा ऐकला.

१३ फेब्रु.

शकूला मुलगी. दोघी बऱ्या. दिनकरला तार. आत्या म्हणतात, नाक आपल्याकडचं.

१८ फेब्रु.

परतीची बोट. आत्या राहिल्या, पाडव्यापर्यंत येणार नाहीत. एकटी येईन म्हणतात.

प्रत्येक बंदरात गेले. प्रत्येक वेळी दार धरायला वेगळी अनोळखी बाई. कुणी नाही म्हणाली नाही. फक्त सांगावं लागतं.

२५ फेब्रु., रवि.

सुमन घरी आली. चेहरा उतरलेला. जळजळ, कणकण. आत्यांना झालं होतं तेच. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलंय. “पाणी पिऊ तर किल्ली मागावी लागंल, ताई.”

“एकटीनं मागू नकोस.”

तिला बोट सांगितली. जयगडची माझी चूकसुद्धा. सुमन डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

२६ फेब्रु., सोम.

गेटसभा. लहान केली. फ्रान्स वगळला. सुरुवात गेल्या महिन्यात बसमध्ये सुचलेली. मग बोट, नाव न घेता एक म्हातारी, मोडकी कडी, बाहेरून दार धरणाऱ्या बाया. पदर तोंडाला गेले, पण हसू लपेना. तो शब्द हवा तेवढ्या वेळा वापरला.

बेत साधा. उद्या चहाच्या सुटीच्या आधी किल्ली मागायची, पण एकटीनं नाही. सगळं पॅकिंग खातं उठून टेबलापाशी जाईल. एक आत, एक दाराशी, बाकीच्या रांगेत. शेवटची बाहेर येईपर्यंत मालाचा पट्टा थांबेल. मग कुलूप पुन्हा लावायचं नाही.

मागून एक आवाज: “आन किल्ली दिलीच नाय तर?”

मी तोंड उघडायच्या आत सुमन: “तर पाणी आपलं काम करील. त्यांच्या फरशीवर.”

पुरुष हसले नाहीत या वेळी.

साहेबांची गाडी गेटातून निघताना जरा थांबली. काच खाली झाली, पुन्हा वर गेली. कोण कोण उठेल माहीत नाही. हात वर करायला मी सांगितलं नाही; हात सभेत वर होतात, खात्यात होत नाहीत. सुमनची नोकरी कायम नाही. ते तिला माहीत आहे, मलाही.

शेवटचं वाक्य तेवढं दोनदा म्हणाले. इथंही लिहून ठेवते.

बायांनो, उद्या पहिल्या पाळीला घरातून निघताना तांब्याभर पाणी पिऊन या.