जिथे माझं मत नाही

आईला साष्टांग नमस्कार.

मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं, पण तुझ्या दुकानासारखा टर्कीभात इथे ताइचुंगमध्ये कुठेच मिळत नाही. बाबांचा गुडघा कसा आहे?

कॉलेज सोडून महापौराच्या निवडणुकीत कशाला पडलास, असं तू विचारलंस. खरं कारण माझ्या वर्गातली वान-रू. ती ज्या उमेदवारबाईंचा प्रचार करते, त्यांचाच मी करतो.

काल एका शाळेच्या फाटकाशी आम्ही बाईंचा फोटो आणि त्यांचं नव्या मेट्रोचं वचन छापलेली कागदी रुमालांची पाकिटं वाटत होतो. लेकीला स्कूटरवरून सोडायला आलेली एक आई म्हणाली, "मेट्रो येईल तेव्हा येईल. संध्याकाळी सातपर्यंत पोरीला शाळेत सांभाळणार का, ते बोल. समोरचा उमेदवार तसं म्हणतोय."

माझं डोकंच फिरलं. "एवढ्याशा सोयीसाठी शहर विकता?"

"तुझं मत कुठं आहे रे?"

"चियायीला. घरी."

"म्हणजे इथे ना मत, ना पोर! आणि आम्हाला शिकवतोस?"

जमलेले सगळे आईबाप हसले. वान-रूसुद्धा. त्या बाईनं माझ्याच रुमालानं पोरीचं नाक पुसलं. म्हणाली, "रुमाल मात्र चांगलाय हो."

आई, शाळा सुटल्यावर मी तुझ्या गल्ल्यामागे बसून अभ्यास करायचो, कारण तुझ्याकडेही मला सांभाळणारं दुसरं कुणी नव्हतं. आणि रविवारी फोनवर मी तुलाच म्हणालो, की तू फक्त स्वतःपुरतं बघून मत देतेस. लिहितानाही मान वर होत नाही.

शनिवारी मतदानाला येतो. दुकानातली भांडी मी घासीन. मी काय बोललो ते बाबांना सांगितलं नसशील ना?

तुझा तोंडाळ,
जुन-है