व्हर्लिनचा फोन एंगेज

ऑरिन,
मॉडेमची वायर मीच उपटली आहे, परत लावू नकोस. चार-पाचदा नंबर लागला नाही की मॉडेम तो नंबर सोडून देतो, म्हणून भावाला कॉम्प्युटरवरून निरोप पाठवायला त्याचा एकच नंबर त्यात वेगवेगळ्या नावांनी भरून तू कामावर निघून गेलास. मॉडेम सकाळपासून व्हर्लिनला फोन लावत होता, आणि व्हर्लिन तिकडून आपल्याला! दोन्हीकडे एंगेज. शेवटी तो बर्फातून गाडी घेऊन आला. बाबांना डुलूथच्या हॉस्पिटलात नेलंय, ते तुला विचारतायत. आम्ही निघालो, तू तसाच ये. आणि भांडण काहीही असो, त्याच्याशी आता तोंडाने बोल, कॉम्प्युटरवर लिहून नाही. दार उघडल्यावर त्याने बाबांचं नंतर सांगितलं. आधी विचारलं, "ऑरिनने मुद्दामच फोन काढून ठेवलाय ना?"
आर्डिस