माझ्या मागे कुणी नाही

प्रिय बिनीच्या शिलेदारास,

पाकीट पाहून दचकला असशील. कित्येक महिने तुझ्या एकाही मेसेजला मी उत्तर दिलं नाही आणि आता एकदम हाताने लिहिलेली पानं! फोनवरचं तू अर्धवट वाचून पुसून टाकतोस, हे मला माहीत आहे. कागद फाडायला निदान दोन्ही हात लागतात. शिवाय काकूंना माझं अक्षर फार आवडायचं, आपल्या मुलापेक्षा शेजारची मुलगी बरी लिहिते असं त्या जिन्यात उभ्या राहून सगळ्यांना सांगायच्या. तेव्हा तुझ्या आईला हे पत्र दाखवावंसं वाटलं तर खुशाल दाखव. मी तर म्हणते, दाखवच.

मी मजेत आहे. पडते अजूनही. गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेच्या जिन्यावर पडले. त्याआधी वाचनालयाच्या गोल फिरणाऱ्या दारात पाठीवरची सॅक अडकली आणि मी बाहेर पडायचं सोडून पुन्हा आतच आले, पुस्तकं देणाऱ्या बाईंनी मला दुसऱ्यांदा नमस्कार केला. डोंगरावरचं तर विचारूच नकोस. ओढा ओलांडताना सगळे दगडांवरून जातात, मी दगड सोडून बाकी सगळीकडून जाते. एकदा गप्पांच्या नादात दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या आणि ऐटीत उठले ती थेट समोरच्या माणसाच्या डब्यात. त्याची अंडी गेली, माझी अब्रू आधीच गेलेली होती. पण एकही शनिवार चुकवलेला नाही. तू ऐकलंस ना, एकही नाही.

आठवतं का, शिकायला इथे परदेशात आलो तेव्हा शनिवारी डोंगर चढायला जायचं खूळ तुझंच होतं? दोघांच्या घरी आपलं ठरल्यातच जमा होतं, आणि मी तुझ्या मागे कुठेही यायला तयार होते. नवे बूट घेतले तेही तू सांगितलेले, मला एक माप मोठे. मी पडले की तू वळून न बघता ओरडायचास, "धबाक!" महिन्याभरात गटातली परकी मुलंसुद्धा मला त्याच नावाने हाका मारू लागली. त्यांना अर्थ कळत नव्हता, गंमत कळत होती. मीही हसायचे. किती हसायचे मी तेव्हा! आता वाटतं, त्यातलं निम्मं हसू परत मागून घ्यावं.

गटाचा नियम तुला पुन्हा सांगते, कारण ऐन वेळी तो तुझ्या डोक्यातून गेला होता. पुढे म्होरकी, म्हणजे आठवडाभर लोकांचे दात उपटणारी आपली डॉक्टरीणबाई. सगळ्यांत मागे नारिंगी जाकीट घातलेला एकजण, त्याला सगळे शेपूट म्हणतात. शेपटाने कुणालाही आपल्या मागे राहू द्यायचं नाही. खाली बसपाशी पोचल्यावर तो म्हणतो, "माझ्या मागे कुणी नाही," आणि मगच बस हलते. त्या शनिवारी नेहमीचे शेपूट, म्हणजे सफरचंदं खाणारे जाडे प्राध्यापक, आजारी होते. जाकीट तुला मिळालं. तुला ते मुळीच आवडलं नव्हतं, मागे राहायचं म्हणून सकाळपासून तुझं तोंड वाकडं होतं. उतरताना धुकं आलं, सुट्ट्या दगडांवर माझा घोटा मुरगळला आणि मी खाली बसले. तू म्हणालास, "इथेच थांब, मी मदत घेऊन येतो." मी थांबले.

मी किती वेळ थांबले ते सांगत नाही, तुला त्याचं काय! गार वारा सुटला, ओरडून ओरडून घसा बसला, कुठे दगड घरंगळला तरी वाटायचं, आलास. शेवटी बसल्या बसल्या घसरत खाली आले. पँटची मागची बाजू डोंगरालाच वाहिली. रस्त्यावर पावाच्या गाडीवाल्याने मला रिकाम्या ट्रेंच्या मधे बसवून शहरात आणलं. तुला मदत मिळाली नसेल, तूच कुठे पडला असशील, या काळजीने मी त्या गाडीत रडले. तुझ्या काळजीने रडले मी, हे आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी म्होरकीकडे लंगडत गेले, तर तुझी गोष्ट माझ्या आधी तिथे पोचलेली. मी म्हणे न सांगता दुसऱ्या वाटेने निघून गेले, तू हाका मारल्यास, मला वस्तीकडे उतरताना पाहिलंस, म्हणून निर्धास्त झालास. तू शांत होतास. मी रडत होते आणि निम्मं मराठीत बोलत होते. कुणाचं खरं वाटणार? तीच गोष्ट तू फोनवरून घरी पोचवलीस. काकूंनी माझ्या आईला जिन्यात गाठून सांगितलं, "मुलगी गुणी आहे हो, पण जिवाची पर्वा नाही. आमच्या मुलाच्या जिवाला घोर." ठरल्यातलं मोडलं. ते मोडलं त्याचं काही नाही, सुटले. पण बाबा! ज्या बाबांनी नातेवाइकांशी भांडून मला इथे पाठवलं, ते म्हणाले, "हे वर्ष संपलं की परत ये. तुझ्यावर भरवसा ठेवला ते चुकलंच." अजून ते फोनवर तेवढ्यास तेवढं बोलतात. माझं शिक्षण अर्धवट राहिलं तर ते तुझ्या त्या एका वाक्यामुळे राहील, आणि याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही. करणारही नाही.

न सांगता जाणाऱ्याला गटात शिक्षा असते, काही महिने शेपटाबरोबर चालायचं. मी चालले. प्राध्यापक वाटेत सफरचंद खात सहज म्हणाले, "त्या दिवशी तुमच्या त्या मुलाने बसपाशी अगदी ठणकावून सांगितलं म्हणे, माझ्या मागे कुणी नाही." मला तोवर हे माहीत नव्हतं. मला वाटत होतं, तू घाबरून काहीतरी बरळला असशील. तू जाकीट घालून, सगळ्यांसमोर, म्होरकीच्या डोळ्यांत बघून ते म्हणालास. का? मी खूप विचार केला. उत्तर इतकं क्षुल्लक आहे की लाज वाटते. मी वर आहे म्हटलं असतंस तर तुला पुन्हा चढावं लागलं असतं. कंटाळा आला तुला. प्राध्यापकांनी अर्धं सफरचंद मला दिलं, मी ते खाल्लं आणि चालत राहिले. पुढे त्यांचे गुडघे थकले तेव्हा ते म्होरकीला म्हणाले, "हिला जाकीट द्या. सगळे जिथे पडतात तिथे ही आधी पडते, मागच्यांना सांभाळायला बरी." तेव्हापासून शेपूट मी आहे.

आता पत्राचं कारण. काल म्होरकी म्हणाली, "तो जोरात चालणारा मुलगा येत्या शनिवारी गटात परत येतोय. त्याला म्होरक्या व्हायचंय, उन्हाळी शिबिराची नोकरी त्यावर अवलंबून आहे. तुझ्याच गावचा ना, तुलाही सोबत होईल." मी म्हटलं, हो, फार बरं होईल. परीक्षा कशी असते ते तिने तुला कळवलं असेलच. दिवसभर गट तू न्यायचा आणि खाली आल्यावर सगळ्यांसमोर शेपटाला एकच प्रश्न: याच्या मागून पुन्हा जाशील का? हो म्हटलं तर तू म्होरक्या. नाही म्हटलं तर कारण मोठ्याने सांगायचं. आता मला इथली भाषा चांगली येते. मी काय म्हणणार ते पक्कं ठरलंय, पण तुला सांगणार नाही. आला नाहीस तर का आला नाही हे म्होरकी मलाच विचारेल. त्याआधी बाबांना फोन करून खरं सांगावंसं वाटलं तर सांग. त्याने माझं उत्तर बदलेल की नाही, तेही मी सांगणार नाही. त्या दुपारी धुक्यात मी प्रत्येक आवाजाला कान देऊन बसले होते. तू येणार नाहीस हे तुला माहीत होतं, मला नव्हतं. आता मला माहीत आहे आणि तुला नाही. शनिवारपर्यंत बस तसाच.

तुझीच,
धबाक