नालवाडीचा पोलादी वस्तरा

२ फेब्रुवारी, रविवार
आजपासून सलूनला जाणं बंद. वस्तरा मी स्वतः घडवणार. पूर्वी विलायतेतले कारागीर पोलाद ठोकून पातं करायचे, मग छोट्या चाकावर दोन्ही बाजू खोलगट घासायचे. पाठ जाड, धार कागदासारखी. चार व्हिडिओ पाहिले, अवघड काही नाही. तोवर दाढी करणार नाही. तेवीसला लेकीचं, समीक्षाचं, साक्षगंध. म्हणाली, बाबा, त्या दिवशी फक्त दाढी करून उभे राहा. टाइम भरपूर आहे.

८ फेब्रुवारी
नाचणगावला तानबा लोहाराकडे. जुनी कानस तापवली. हातोडा मीच घेतला. पहिले तीन घाव ऐरणीवर बसले. तानबा म्हणाला, "साहेब, तुमी भाता हालवा, मी ठोकतो." ठीक. डिझाइन माझंच.

९ फेब्रुवारी
पातं खुरप्यासारखं वाकलंय. चाळीस वर्षं खुरपी घडवणारा हात, काय करणार! सरळ कर म्हटलं तर म्हणतो, "निंदाले सरळ कोनी नेते काय?" उद्यापासून व्यायाम. खांदा दुखतोय.

१५ फेब्रुवारी
पात्याला पाणी पाजलं, म्हणजे लाल तापवून जवसाच्या तेलात बुडवलं. एकदम भडका. उजवी भुवई गेली. पातं मात्र कडक झालं. सौ. म्हणाली, "दाढी ठेवली अन् भुवई काढली, असं काऊन?" तांत्रिक गोष्टी तिला कळत नाहीत.

१९ फेब्रुवारी
सायकलवर धार लावणारा कवडू भेटला. त्याचं चाक छोटं, अगदी हवं तसं! तो पायडल मारत होता, पातं मी धरलं. तो थांबा म्हणाला, मी आणखी खोल म्हणालो. दोन्हीकडचे खळगे आत एकमेकांना भेटले. पात्याच्या भोकातून कवडू दिसत होता. हसत होता.

२१ फेब्रुवारी
होणारे व्याही महादेवराव यांचा फोन. माझा फोटो पाहून तब्येत विचारत होते. समीक्षा ताट उचलून आत जेवायला गेली. फार वाईट वाटलं.

२३ फेब्रुवारी, सकाळी ९
हरलो नाही, वेळ कमी पडला. सलूनमध्ये गेलो. तिथल्या धीरजने त्याच्या आजोबांचा वस्तरा काढला. अस्सल खोलगट! टिचकी मारली की किणकिणतो. "काकाजी, तुमच्यासाठीच काढून ठेवलता," म्हणाला. गळ्याजवळ आणला मात्र, मी खुर्चीतून उठलो. "अजून लागला बी नाई," धीरज म्हणाला. तीनदा बसलो, तीनदा उठलो. शेवटी डोळे मिटून ट्रिमर मागितला.

घरी समीक्षाने गालावरून हात फिरवला. म्हणाली, "खुंट राह्यले, बाबा. पण चालते."