पाच माणसांसमोर घेतलेली संमती

परभणी,
रविवार, दुपार

तीर्थरूप येडबामामांच्या पायांशी,

भाची बबिताचा, कमरेत उसण भरलेली असतानाही पूर्ण वाकून केलेला नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? पांढऱ्या कानाच्या शेळीला दोन करडं झाल्याचं कळलं, लय बरं वाटलं. आम्ही इकडे सगळे मजेत आहोत. तुमचा हरिओमही मजेत आहे, जरा जास्तच मजेत आहे, आणि लिहायचं आहे ते त्याबद्दलच. पिंगळीच्या दत्तरावांनी तुम्हाला फोन केल्याचं समजलं. त्यानंतर तुम्ही मला फोन करून "पोरगं तुझ्या हवाली केलं होतं का न्हाई?" एवढंच विचारलंत आणि माझं उत्तर यायच्या आत ठेवून दिलात. मी परत लावला तर तुम्ही उचलेनात. म्हणून हे पत्र. फोन तुम्ही मधेच ठेवता, पण कागद हातात आला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचता (लग्नपत्रिकेवरचं छापखान्याचं नावसुद्धा), हे मला लहानपणापासून माहीत आहे. तर दत्तरावांचं बोलणं तूर्त बाजूला ठेवा. काठीसुद्धा बाजूला ठेवा आणि निवांत बसून वाचा.

तुम्हाला ठाऊकच आहे, इतकी वर्षं विद्यापीठात शिकवल्यावर यंदा मला पहिल्यांदा केंद्र सरकारचा संशोधन प्रकल्प मिळाला. शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्या घरांतल्या बाया काय खातात, किती झोपतात, त्यांच्या अंगात रक्त किती, असा विषय. (आपल्या बायांनी पोटभर खाल्लं का, हे दिल्लीने विचारलं. आजवर घरात कुणी विचारलं नव्हतं.) हरिओमला मदतनीस म्हणून घेतलं ते तुमच्याच सांगण्यावरून. पण सरकारी पैशातून माणसांचा अभ्यास करायचा म्हटलं की आधी संशोधनातल्या नीतिमत्तेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, प्रमुखापासून मदतनिसापर्यंत सगळ्यांनी. धडे संगणकावर वाचायचे, प्रत्येक धड्याच्या शेवटी परीक्षा, नापास झालं की तोच धडा पुन्हा पहिल्यापासून. हे झाल्यावर आमच्या नैतिकता समितीने सांगितलं की चुडाव्याजवळच्या एका वस्तीवर लोकांची संमती नियमाप्रमाणे घेऊन दाखवा, मग पुढच्या गावांचं बघू. ते बिघडलं असतं तर माझा प्रकल्प आणि तुमच्या पोराची पहिली नोकरी, दोन्हींचा निकाल लागला असता.

मामा, पहिल्याच धड्यात मी नापास झाले. प्रश्न असा होता: समोरची व्यक्ती नको म्हणाली तर तुम्ही काय कराल? मी "पुन्हा समजावून सांगू" यावर खूण केली. बरोबर उत्तर निघालं "आभार मानून निघून येऊ". आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे कुणी नको म्हटल्यावर आभार मानून गप बसलेलं माणूस तुम्ही पाहिलंय का? पंगतीत पाहुण्याने ताटावर आडवा हात धरला तरी आपण बोटांच्या फटीतून बुंदी वाढतो! पण तुमचा हरिओम (ज्याला दहावीला आपण तिघांनी मिळून ढकलत ढकलत पास केलं) तो सगळे धडे एका दमात पास झाला. आणि पास झाला तो असा की नीतिमत्ता त्याच्या अंगातच आली. आमच्या ह्यांनी त्याला कोपऱ्यावरून पान आणायला सांगितलं, तर म्हणे, नाही म्हटल्यास माझं काही नुकसान होणार नाही ना, हे आधी स्पष्ट करा. शेजारच्या काकू अनोळखी माणसांचे फोटो काढून व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकतात, त्यांना त्याने जिन्यात गाठून खाजगीपणावर अख्खा धडा ऐकवला. तेव्हापासून त्या जिना चढताना आधी वर बघतात.

असा हा हरिओम मी चुडाव्याच्या वस्तीवर पुढे पाठवला. तिथे कासाबाई नावाच्या आजी आहेत. वस्तीवर त्यांचाच शब्द चालतो. हरिओमने नियमाप्रमाणे सगळं केलं. घरात माणसं किती, बाया कोणत्या वयाच्या, शेळ्या किती, कुणाला काही दुखणं आहे का, अशी विचारपूस केली. आमची काही जबरदस्ती नाही, म्हणाला. घरातल्या सगळ्यांना विचारा, आठ दिवस घ्या, तुमच्या घरातली गोष्ट बाहेर जाणार नाही. आणि कासाबाईंनी चहा पुढे केला तेव्हा हात जोडून म्हणाला, तुमचं होय-नाही ठरेपर्यंत मला इथला चहा चालायचा नाही. (देणंघेणं नको, असं आमच्या चौथ्या धड्यात आहे.) तो पुन्हा गेला, तेव्हाही तेच. कासाबाईंची नात चंदा मेंढरांना लस टोचत होती. ती पूर्णेला शिकून आली आहे आणि आसपासच्या सगळ्या वस्त्यांवर लस टोचायला जाते. सहभागी व्यक्तीच्या कामात अडथळा आणू नये, असाही एक नियम आहे, म्हणून हरिओम दुपारभर मेंढरांचे पाय धरून उभा राहिला.

आता त्या वस्तीवरची रीत ऐका, मला ती नंतर कळली. सोयरिकीचं बोलायला आलेला माणूस बोलणं पक्कं होईस्तोवर त्या घरचं पाणीदेखील घेत नाही. कासाबाईंनी सगळ्या गोष्टींचा मेळ घातला आणि घरात जाहीर करून टाकलं की एवढ्या रीतीभातीची, एवढी सबुरीची माणसं उभ्या जन्मात पाहिली न्हाईत.

मग मी गेले, म्हणजे त्यांच्या हिशेबाने मुलाकडचं मोठं माणूस आलं. मी आपला संमतीचा कागद काढला. कासाबाईंनी तो हातानेच मागे सारला. "कागूद नगं बाई. आजवर जिथं जिथं अंगठा दिला तिथं पस्तावलो. शबुद देते, पाच मानसांत देते." मला तर आनंदाचं भरतं आलं! अंगठा द्यायची इच्छा नसेल तर साक्षीदारांसमोर तोंडी संमती चालते, हे सहाव्या धड्यात अगदी स्पष्ट लिहिलेलं आहे. घोंगडी अंथरली, पाच माणसं बसली. हरिओमला टॉवेल-टोपी केली, माझी खणानारळाने ओटी भरली. (मामा, आपल्याकडे बोअरवेलच्या उद्घाटनालाही ओटी भरतात, मला संशय यायचा कसा?) सुपारी फोडली, हातावर साखर ठेवली. कासाबाईंनी विचारलं, तारीख कोणती धरायची. मी म्हटलं, पहिली फेरी पुढच्या महिन्यात, मग दर तीन महिन्यांनी येत जाऊ. त्या जराशा दचकल्या. किती माणसं येणार, म्हणाल्या. मी म्हटलं, आम्ही दोघंच. लय साधी मानसं, असं म्हणून त्यांनी डोळ्याला पदर लावला, आणि मीसुद्धा गहिवरले. लोकांचा संशोधनावर एवढा विश्वास मी कुठे पाहिला नव्हता.

तेवढ्यात चंदा आली. हात धुऊन, पुसून, सरळ घोंगडीच्या कडेला येऊन उभी राहिली. म्हणाली, "मघाधरनं सगळे सगळ्यांची संमती घ्यायलेत. माझी कुणी विचारायलंय का?"

मामा, त्या क्षणी माझ्या हातातली साखर तशीच राहिली. सगळा उलगडा झाला आणि हसू येतंय की रडू येतंय हे कळेना. सगळे धडे पास झालेली मी, आणि जिच्या जन्माचा प्रश्न तिलाच कुणी विचारलं नव्हतं! मी सगळ्यांची माफी मागितली आणि आम्ही कशासाठी आलो होतो ते सांगितलं. कासाबाईंचा चेहरा एवढासा झाला. मी हरिओमला म्हटलं, चल, आभार मानून निघू. तर तुमचा पोरगा टोपी सावरून उठला आणि चंदाला म्हणाला की तुमची हरकत नसेल तर मी तुम्हाला रीतसर विचारतो, आणि नको म्हणालात तर आमच्या अभ्यासावर किंवा तुमच्यावर त्याचा काहीएक परिणाम होणार नाही.

फायदे फुगवू नयेत आणि धोके लपवू नयेत, असं शिकलाय ना तो! पाच माणसांसमोर त्याने आधी धोके सांगितले. वडील तापट आहेत, पण ओरडून झालं की स्वतःच चहा टाकतात. नोकरी प्रकल्प आहे तोवरच. आपण घोरतो. मग चंदाने फायदे विचारले. तो म्हणाला, मेंढरं धरायला एक माणूस मिळेल. चंदा हसली, पण बधली नाही. मधेच नको वाटलं तर थांबता येतं म्हणता, ते खरं का, म्हणाली. तो म्हणाला, केव्हाही, कारणसुद्धा द्यावं लागणार नाही. तिने आठ दिवस मागून घेतले. ते आठ दिवस हरिओम जेवला नाही म्हटलं तरी चालेल. नवव्या दिवशी तिचा फोन आला: मी सहभागी व्हायला तयार आहे. घरात मी एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या काकू जिन्यातून परत खाली गेल्या.

समितीला मी काही न लपवता सगळं सांगितलं. अध्यक्ष चष्मा काढून हसले आणि निर्णय दिला: लग्नाची संमती नियमाप्रमाणे झालेली आहे, संशोधनाची मात्र पुन्हा घ्यावी. त्या वस्तीवर आता सोयरे झाले म्हणून हरिओमला तिथल्या कामातून वगळलं आहे, तिथे दुसरी मदतनीस जाईल. बाकी गावांना मंजुरी मिळाली. प्रकल्प चालू, नोकरी शाबूत. चहाची ती रीत तुला आधीपासून ठाऊक होती का, असं मी हरिओमला एकदा खडसावून विचारलं. तो म्हणाला, या प्रश्नाचं उत्तर न देण्याचा मला अधिकार आहे.

मामा, मुलगी सोन्यासारखी आहे. ओरडायचं असेल तर माझ्यावर ओरडा.

तुमची लाडकी (अजून असेन तर) भाची,
बबिता

ता. क. दत्तरावांनी तुम्हाला पोराच्या सोयरिकीचं जे सांगितलं ते शब्दनशब्द खरं आहे. फक्त घोंगडीवरच्या पाच माणसांतले पाचवे ते स्वतःच होते, हे त्यांनी सांगितलं का? शेळी बघायला म्हणून आले होते. घोळ त्यांना पहिल्यापासून कळला होता, पण साखर हातावर पडेपर्यंत माणूस बोलला नाही.

आणखी ता. क. गुप्ततेच्या नियमामुळे मला नाव सांगता येत नाही, पण तुमच्या घरातली एक ज्येष्ठ महिला (खोकला असलेली) गेल्या मंगळवारी दवाखान्याच्या नावाखाली चुडाव्याला येऊन मुलगी बघून गेली. खोकला कधीच थांबलाय.

शेवटचा ता. क. सोबत तुमच्यासाठी संमतीचा कागद पाठवते आहे. खरं सांगायचं तर पत्र त्यासाठीच लिहिलं. सगळ्यांचं होय झालं तरी हरिओम अजून त्या घरचा चहा पीत नाही. दादांनी (म्हणजे तुम्ही) होय म्हटल्याशिवाय माझी संमती पुरी होत नाही, असं म्हणतो आणि कप पुढे आला की मान खाली घालून बसतो. पुढच्या रविवारी चुडाव्याला या. पहिला घोट तुम्ही घ्या, म्हणजे तो घेईल. कागद नीट वाचा, हवा तेवढा विचार करा, कसलीही जबरदस्ती नाही. 'मधेच केव्हाही माघार घेता येईल' हे कलम तेवढं तुमच्या कागदावरून मी स्वतःच्या हाताने खोडलं आहे.