विशाखाच्या हस्तलिखितातील उन्हाळा काढू नये

मी, कौशिक रमण पेडणेकर, वय ६२, राहणार सीब, मस्कत, हे मृत्युपत्र डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. मेहुणे निशांत यांनी दबाव पुष्कळ आणला. ते खाली येईलच.

१. चिपळूणची सदनिका व बँकेतील शिल्लक धाकटी बहीण सुलभा हिला द्यावी.

२. हत्यारांची पेटी शेजारी जैनुद्दीनभाई यांना. ड्रिल त्यांच्याकडेच आहे, आता परत मागत नाही.

३. माझी पत्नी विशाखा मे महिन्यात वारली. ग्रीक पुराणकथांवरचे तिचे हस्तलिखित व त्याचे सर्व हक्क जैनुद्दीनभाईंची मुलगी उजमा हिला द्यावेत. टायपिंग तिनेच केले. तिचे मराठी अडखळते, पण कळले नाही की ती विचारते. निशांत कधी काही विचारत नाही, त्याला सगळे आधीच कळलेले असते.

वाद एका प्रकरणाचा आहे. धान्यदेवता डिमिटरची मुलगी पाताळात पळवली जाते. आई शोक करत बसते, शेते उगवत नाहीत. शेवटी मुलगी परतते, पण वर्षातला काही काळ तिला खालीच राहावे लागते. निशांतच्या मते हा ओसाड काळ म्हणजे हिवाळा, दुसरा अर्थच नाही. जुन्या स्तोत्रात मुलगी वसंतातल्या फुलांबरोबर वर येते, हे विशाखानेही लिहिले आहे. पण ग्रीसमध्ये थंडीत शेत हिरवे असते आणि उन्हाळ्यात करपते, म्हणून काही अभ्यासक उन्हाळा मानतात, हेही तिने लिहिले. दोन्ही ठेवले. "थंडीत ओसाड म्हणणाऱ्यांना जूनमध्ये सीबला आणून उभं करा," म्हणायची.

तेराव्याला निशांतचा फोन आला. "भावोजी, उन्हाळा काढून टाकू. हिवाळा म्हणजे दुःख, वसंत म्हणजे आशा. ताई गेली, पण वसंत येतोच ना!" मी फोन ठेवला. तेव्हापासून दर रविवारी हेच. उजमाने त्याला हस्तलिखितातला एक शब्दही काढू देऊ नये.

४. निशांतला एक प्रत जरूर द्यावी. मात्र ती त्याने जूनमध्ये इथे येऊन, भर दुपारी आमच्या गॅलरीत उभे राहून वाचावी.

५. माझ्या शोकसभेत कोणी वसंताचे नाव काढू नये.

६. गॅलरीतील विशाखाच्या कुंड्या जैनुद्दीनभाईंच्या पत्नी जमिलाभाभी यांना. विशाखा गेली आणि सगळे करपले. मी पाणी घालणेही सोडले. ऑक्टोबरमध्ये त्यात मेथी उगवली. मी नुसता बघत राहिलो. शेजारच्या गॅलरीतून भाभी ओरडल्या, "कौशिकभाई, बघताय काय? मीच पेरलीय. पाणी घाला!"

रोज घालतो. यावरून निशांतने व्याख्यान देऊ नये.

वरील मजकूर माझ्या हाताने लिहून, पुन्हा वाचून, खालील दोघांसमोर सही केली.

कौशिक रमण पेडणेकर

साक्षीदार: ताबिश काझी, दिलशाद मुकादम
सीब, १४ नोव्हेंबर २०२४